आधी समास, मग सिंहासन : युरोपातील सत्तेची जुनी मुद्राचित्रे कशी वाचावीत

१२ मे १६४१ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर स्ट्रॅफर्डचा अर्ल टॉमस वेंटवर्थ याचा जाहीर शिरच्छेद झाला. तो राजा पहिला चार्ल्स याचा खास विश्वासातला मंत्री होता. पार्लमेंटने त्याला मारण्यासाठी स्वतंत्र कायदाच संमत केला आणि राजाला मनाविरुद्ध त्यावर संमती द्यावी लागली. मूळचा प्रागचा, पण तेव्हा लंडनमध्ये राहणारा चित्रकार वेन्सेस्लाउस होलार याने या प्रसंगाचे एक लहानसे मुद्राचित्र केले. ते प्रथमच पाहणाऱ्याची नजर थेट मंचाकडे जाते आणि तिथे तिची निराशा होते, कारण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो माणूस नखाएवढाही नाही. चित्र व्यापले आहे ते टोप्यांनी, पाठींनी आणि भाल्यांनी, आणि मागे ‘टॉवर’ या किल्ल्याचे बुरूज उभे आहेत.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात राजांचे नगरप्रवेश, राज्याभिषेक, विजययात्रा, अश्वक्रीडा आणि देहदंड हे सारे उघड्यावर, लोकांसमोर घडत असे, आणि घडून गेल्यावर लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापले जाई. अशी हजारो चित्रे आज संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. पुढील पायऱ्या ती नव्याने पाहू लागलेल्या वाचकासाठी आहेत. त्यांच्यामागील माझी धारणा आधीच सांगतो : असे चित्र म्हणजे त्या प्रसंगाचा फोटो नव्हे, तर त्याच प्रसंगाचा दुसरा प्रयोग असतो, आणि या प्रयोगाचा खर्च कोणी केला व प्रेक्षक कोण होते हे कळल्याशिवाय त्यातील राजाचा चेहरा न्याहाळून काही हाती लागत नाही.

पहिली पायरी : पूर्ण कागद मिळवा

ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर चित्रांच्या मोठ्या प्रतिमा उपलब्ध आहेत. शोध घेताना चित्रकाराचे नाव आणि प्रसंगाचे वर्ष एवढे पुरते. मात्र चित्र निवडताना त्याच्या चारही बाजूंचा समास दिसतो आहे ना, हे आधी तपासावे. पुस्तकांत आणि लेखांत अशी चित्रे सर्रास कापून छापतात. कापताना नेमका खालचा मजकूर जातो, आणि त्याबरोबर चित्राची अर्धी माहितीही जाते. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती दाबाने उमटलेली एक आयताकृती खूण असते. ती चारही बाजूंना दिसत असेल, तर पत्र्यावर होते ते सारे आपल्यासमोर आहे असे समजावे.

दुसरी पायरी : समासातील अक्षरे वाचा

चित्राखालच्या बारीक लॅटिन शब्दांना नवखा माणूस बिचकतो. प्रत्यक्षात त्यांतील चार-पाच शब्दच पुन्हापुन्हा येतात. नावापुढे ‘इन्वेनिट’ किंवा त्याचे संक्षिप्त रूप ‘इन्व्ह’ असेल, तर मूळ कल्पना त्या व्यक्तीची आहे. ‘डेलिनेआविट’ म्हणजे रेखाटन त्याचे, ‘स्कल्पसिट’ म्हणजे पत्र्यावर कोरले त्याने, आणि ‘फेकिट’ म्हणजे केले त्याने. सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, शब्द ‘एक्स्कुडिट’ हा आहे. तो प्रकाशकाच्या, म्हणजे ज्याने पैसा गुंतवला आणि दुकानात चित्र विकायला ठेवले त्याच्या नावापुढे येतो. ‘कुम प्रिव्हिलेजिओ’ असे शब्द असतील, तर ते चित्र ठरावीक काळ दुसऱ्या कोणी छापू नये अशी सनद सत्ताधाऱ्याने दिलेली आहे. सत्तेचे चित्र सत्तेच्याच परवान्याने निघाले आहे, हे सांगणारा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

आता होलारच्या चित्राकडे परत येऊ. शीर्षकात ‘शिरच्छेदाची खरी रीत’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ‘खरी’ हा शब्द येथे इतिहासकाराचा नसून विक्रेत्याचा आहे : बाजारात खोटी किंवा ऐकीव चित्रेही आहेत, आमचे मात्र पाहून केलेले आहे, असा तो दावा आहे. मंचावरील व्यक्तींजवळ ए, बी, सी, डी अशी इवलीशी अक्षरे आहेत आणि खाली त्यांचा खुलासा आहे. ए म्हणजे आयर्लंडचे मुख्य धर्माधिकारी डॉ. अशर, बी म्हणजे लंडनचे शेरीफ, सी म्हणजे खुद्द स्ट्रॅफर्ड आणि डी म्हणजे त्याचे नातलग व स्नेही. धर्म, नगरशासन, दंडित आणि कुटुंब यांची ही यादी आहे. ज्याने दंडावर अनिच्छेने शिक्कामोर्तब केले त्या राजासाठी तीत एकही अक्षर नाही. शिवाय इंग्रजीच्या जोडीला जर्मन मजकूरही आहे, म्हणजे हे चित्र सागरापलीकडच्या गिऱ्हाइकासाठीही काढले होते. एवढी माहिती गर्दीकडे पाहण्याआधीच, केवळ कडा वाचून मिळाली.

तिसरी पायरी : लाकूड की तांबे

येथे फार खोलात जाण्याची गरज नाही, पण एक फरक कळलाच पाहिजे. लाकडी ठशात रेषा उंच ठेवून भोवतीचे लाकूड खोदतात, त्यामुळे तो ठसा सुट्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रात, एकाच दाबात छापता येतो. स्वस्त बातमीपत्रकांना तो सोयीचा होता. तांब्याच्या पत्र्यात रेषा खोल असतात, मग त्या लोखंडी हत्याराने कोरलेल्या असोत वा आम्लाने खाल्लेल्या. शाई त्या खाचांत भरून पत्रा ओलसर कागदासह रुळांमधून दाबून काढावा लागतो. अशा चित्राखाली खिळ्यांनी छापलेला मजकूर दिसला, तर तो कागद दोन निरनिराळ्या यंत्रांतून गेला आहे, म्हणजे प्रकाशकाने दुप्पट खटपट सोसली आहे.

दोन्ही पद्धतींत छाप उलटी उमटते, आरशातल्यासारखी. काळजीपूर्वक काम करणारा कलाकार मूळ रेखाटनच उलटे करून घेई, पण घाईत नक्कल करणारा तेवढे कष्ट घेत नसे. मी सुरुवातीच्या काळात एका मिरवणुकीच्या चित्रावर टिपण लिहिताना सर्व स्वारांच्या तलवारी उजव्या कमरेला आहेत हे मोठ्या आनंदाने नोंदवले, त्यावरून त्या पलटणीच्या परंपरेविषयी अर्धे पान तर्क लढवले, आणि मग कोणीतरी शांतपणे दाखवून दिले की माझ्यासमोर मूळ चित्राची उलटी छापलेली नक्कल आहे. तेव्हापासून मी तलवारीची बाजू आणि ओळखीच्या इमारतीची दिशा आधी पाहतो. वाचकांनीही पाहावी.

चौथी पायरी : दोन तारखा शोधा

प्रसंग केव्हा घडला ही एक तारीख आणि चित्र केव्हा निघाले ही दुसरी. या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितका त्या चित्रात बातमीचा अंश कमी आणि स्मारकाचा अधिक. होलारचे चित्र त्याच वर्षीचे आहे. याउलट चौदाव्या लुईने जून १६६२ मध्ये पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यासमोर केलेला अश्वक्रीडांचा भव्य सोहळा पाहा. स्वतः राजा रोमन सम्राटाच्या वेषात उतरला, इतर पथके इराणी, तुर्क, अमेरिकन अशा वेषांत होती, आणि एक पथक हिंदुस्थानी म्हणूनही सजले होते, ज्याचे नेतृत्व आंग्यांच्या ड्यूककडे होते. शार्ल पेरोच्या मजकुरासह, सिल्व्हेस्त्र आणि शोव्हो यांनी कोरलेल्या चित्रांचा त्यावरचा ग्रंथ १६७० साली निघाला. आठ वर्षांनी कोणी बातमी छापत नाही. राजाचा मंत्री कोल्बेर याने अशा ग्रंथांची मालिकाच उभी केली होती आणि ते परदेशी दरबारांना, वकिलांना भेटीदाखल दिले जात. सोहळा दोन दिवस पॅरिसकरांनी पाहिला असेल. ग्रंथाचा प्रेक्षक मात्र दुसऱ्या राजधानीत, दुसऱ्या सिंहासनावर बसलेला होता.

कधीकधी हे अंतर इतके लांबते की सोहळ्याचा नायकही ग्रंथ निघेपर्यंत उरत नाही. १६३५ साली स्पेनच्या राजाचा भाऊ फर्डिनांड अँटवर्प शहरात शिरला, तेव्हा चित्रकार रूबेन्सने आखलेल्या प्रचंड कमानी आणि रंगमंच रस्त्यांवर उभे होते. व्हान थुल्डेनने कोरलेल्या चित्रांचा त्याविषयीचा भारदस्त ग्रंथ बाहेर पडला तो १६४२ मध्ये, आणि तोवर रूबेन्सही गेला होता व फर्डिनांडही.

तारखांच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. कॅथलिक देशांनी १५८२ पासून नवे ग्रेगरियन पंचांग घ्यायला सुरुवात केली, पण इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यालाच चिकटून होते आणि तिथले कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा म्हणतो, तर समकालीन इंग्रजी कागदावर १६४८ लिहिलेले असते आणि नवे पंचांग पाळणाऱ्या देशांच्या कागदांवर ९ फेब्रुवारी १६४९. चित्रावर १६४८ दिसले म्हणून ते खोटे ठरवण्याची घाई करू नये.

पाचवी पायरी : गर्दी मोजू नका, तिची तोंडे कुठे आहेत ते पाहा

ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून येथे थोडा अधिक वेळ थांबतो. नवखे वाचक गर्दीला पार्श्वभूमी समजतात. परंतु सत्तेच्या जाहीर प्रयोगात गर्दी ही साक्षीदार असते, आणि साक्षीदाराशिवाय दंडही पुरा होत नाही व अभिषेकही. म्हणून चित्रासमोर बसून चार प्रश्न विचारावेत. लोक कोणत्या दिशेला पाहत आहेत? त्यांच्या आणि मंचाच्या मध्ये कोण उभे आहे? सर्वांत उंच जागी कोण आहे? आणि तिकडे न पाहणारा कोणी आहे का?

५ जून १५६८ रोजी ब्रुसेल्सच्या मुख्य चौकात एग्माँट आणि हॉर्न या दोन सरदारांचा, स्पेनच्या राजाने तिथे नेमलेला सुभेदार आल्बाचा ड्यूक याच्या हुकुमावरून, शिरच्छेद झाला. त्याचे चित्र फ्रान्स होगेनबर्गने केले. तो मूळचा मेखेलेनचा, पण नेदरलंड्समधून बाहेर पडून जर्मनीतील कोलोन शहरी स्थिरावला होता, आणि त्याने तिथून अशा घडामोडींची चित्रमालिकाच चालवली. चित्रांखाली जर्मन पद्ये असत. त्या चौकाच्या चित्रात मंचाला वेढून उभे आहे ते सैन्य, भाल्यांच्या रानासारखे दाट आणि रांगेत. होलारच्या चित्रातही भाले आहेत, पण तिथे त्यांच्याभोवती नागरिकांचा लोट आहे. एका ठिकाणी शहराला धाक दाखवणारी परकी फौज, तर दुसऱ्या ठिकाणी ज्या शहराने हा मृत्यू मागितला ते शहर. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की केवळ गर्दीच्या मांडणीवरून हा फरक डोळ्यांत भरतो.

लोरेनमधील नान्सी गावचा झाक कालो हा तर गर्दीचा कसबी. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या आश्रयाला असताना त्याने वाद्ये बनवणारे कारागीर वापरत तसला कठीण वार्निशचा लेप पत्र्यावर वापरायला सुरुवात केली. त्यामुळे आम्ल भलतीकडे न झिरपता मुंगीएवढ्या माणसाचाही पाय स्वच्छ उमटू लागला. जुलै १६१९ मध्ये आर्नो नदीवर विणकर आणि रंगारी यांच्या लुटुपुटुच्या लढाईचा खेळ झाला. त्याचे कालोने केलेले चित्र चक्क पंख्याच्या आकाराचे आहे, आणि चौकटीच्या नक्षीवरच बसून काही प्रेक्षक पलीकडची मौज पाहत आहेत. आपण त्यांच्या खांद्यावरून पाहतो. मेदिचींच्या फ्लॉरेन्सचे प्रजाजन होण्याचा हा सर्वांत सुखाचा मार्ग असावा.

त्याच कालोच्या १६३३ सालच्या युद्धविषयक अठरा चित्रांतील फाशीचे चित्र मात्र सुखाचे नाही. जेमतेम वितीएवढ्या रुंदीच्या कागदावर एक विशाल झाड, फांद्यांना ओळीने लटकलेली माणसे, शिडीवर धर्मोपदेशक, भोवती रांगेत पलटण, आणि झाडाखाली ढोलावर फासे टाकत बसलेले दोघे. तिकडे न पाहणारे हेच ते. आज हे चित्र युद्धविरोधी म्हणून सर्वत्र दाखवले जाते. खालचे फ्रेंच पद्य मात्र वेगळे बोलते : हे लटकलेले लोक म्हणजे बदनाम चोर, झाडाला लागलेली दुर्दैवी फळे, आणि त्यांना त्यांच्या पापाची सजा मिळाली. म्हणजे लुटारू शिपायांना शिस्त लावणारी सत्ता येथे न्यायी ठरवली आहे. चित्र आणि पद्य यांपैकी खरे कोणते, असा निवाडा करण्याची घाई मी करणार नाही. मात्र पद्य कापून टाकलेल्या प्रतिमेवर तो निवाडा करणे निश्चितच अन्यायाचे आहे.

सहावी पायरी : पैसा कोणाचा

सम्राट पहिला माक्सिमिलियन याने आल्ब्रेख्ट ड्यूररसह अनेक कलाकारांकडून एक विजयकमान करवून घेतली. तिच्यावर १५१५ हे वर्ष आहे. ही कमान दगडाची कधीच नव्हती. दोनशेच्या घरात लाकडी ठोकळे, छत्तीस मोठे कागद, आणि जोडल्यावर सुमारे साडेतीन मीटर उंच व तीन मीटर रुंद अशी ती कागदी कमान होती. तिच्या जोडीची विजययात्राही कागदावरच निघाली. ती पन्नास मीटरांहून लांब आहे, आणि सम्राट १५१९ साली वारल्यावर ती १५२६ मध्ये त्याच्या नातवाने छापवली. अशी यात्रा रस्त्यावरून कधी गेलीच नाही. पैशाची नेहमी चणचण असलेल्या सम्राटाने, भिंतीवर चिकटवता येईल असे वैभव साम्राज्यभर पाठवण्याची ही युक्ती काढली, आणि मला ती संगमरवरापेक्षा शहाणपणाची वाटते. याच यात्रेत बुर्कमायरने काढलेले ‘कालिकतचे लोक’ हत्तीसह चालताना दिसतात, पण त्यांच्यातील काहींच्या अंगावर ब्राझीलकडची पिसांची वस्त्रे आहेत. मलबार आणि ब्राझील यांतील फरक सम्राटाच्या कामाचा नव्हता. दूरवरचे लोकही त्याच्यामागून चालतात, एवढेच दाखवायचे होते.

पैसा नेहमी राजाचाच असतो असे नाही. अँटवर्पच्या ज्या सोहळ्याचा उल्लेख वर आला, तिथे खर्च शहराने केला होता, आणि शेल्ट नदीवरचा व्यापार बंद पडल्याने ते शहर हवालदिल झाले होते. म्हणून रूबेन्सच्या एका मंचावर व्यापाराचा देव मर्क्युरी शहर सोडून उडून चाललेला दाखवला. स्वागताच्या फुलांत लपेटून दिलेला हा अर्जच होता. अशा वेळी चित्रात कोण कोणापुढे वाकले आहे हे पुन्हा एकदा तपासून पाहावे लागते.

सातवी पायरी : त्याच पत्र्याचे निरनिराळे अवतार

तांब्याचा पत्रा महाग असतो आणि त्यावरील रेषा घासून पुसता येतात. पिएर लोंबार याच्या एका पत्र्यावर घोड्यावर बसलेला सेनानी आहे. मांडणी व्हान डाइकने रंगवलेल्या पहिल्या चार्ल्सच्या चित्रावरून उचललेली, पण चेहरा त्या राजाचा पाडाव करणाऱ्या क्रॉमवेलचा. पुढे तो चेहरा घासला गेला. एका अवस्थेत स्वार शब्दशः बिनडोक्याचा आहे, दुसरीत त्याला चौदाव्या लुईचे तोंड आहे, आणि शेवटी पुन्हा चार्ल्स त्याच घोड्यावर येऊन बसतो. घोडा, चिलखत आणि शेजारचा सेवक यांच्यापुढे सारे सत्ताधारी सारखेच. संग्रहालयाच्या नोंदीत ‘स्टेट’ या शब्दापुढे अंक दिसला, तर तो अशा अवस्थेचा क्रमांक असतो. एकाच चित्राच्या निरनिराळ्या अवस्था शोधून शेजारी ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

सरावासाठी एक जोडी

शेवटी सरावाला दोन चित्रे सुचवतो, आणि त्यांची सुरुवात गोव्यातून होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर याच्याकडून पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला एक गेंडा भेट मिळाला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. राजा मानुएल याने जूनमध्ये त्याची हत्तीशी झुंज लावली, आणि हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोप दहावा लिओ याच्याकडे धाडला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि गेंडाही बुडाला. न्युरेम्बर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. आलेले पत्र आणि रेखाटन यांवरून त्याने १५१५ मध्येच लाकडी ठशाचे चित्र केले. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या बुर्कमायरनेही एक केले.

दोन्ही प्रतिमा मिळवून समोर ठेवाव्यात आणि वरच्या पायऱ्या क्रमाने लावाव्यात. ड्यूररच्या चित्रावरचा मजकूर जनावर पोहोचल्याचे वर्ष १५१३ सांगतो, तेव्हा छापील तारखेवर किती विसंबावे हे तिथेच कळेल. त्याच मजकुरात गेंड्याला हत्तीचा हाडवैरी म्हटले आहे. ड्यूररच्या जनावराला चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखी कातडी आणि खांद्यावर एक जादा शिंग आहे, आणि ते कुणाच्याही ताब्यात नसल्यासारखे चौकटीत उभे आहे. मग बुर्कमायरच्या गेंड्याच्या पुढच्या पायांकडे पाहावे. ते बांधलेले आहेत. ड्यूररचे चित्र त्याच्या मृत्यूनंतरही पुन्हापुन्हा छापले गेले आणि युरोपभर नकला होत राहिल्या, तर पाय बांधलेल्या गेंड्याची एकच छाप आज शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहात.